शेवटची तपासणी राहून जाते

ताप आला की सुई हवीच, असे कुर्ल्यातल्या आपल्या कितीतरी घरांत मानले जाते. सुई नवी होती का, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. हिपॅटायटीस सी मुख्यतः रक्तातून पसरतो आणि वर्षानुवर्षे काही त्रास न देता यकृत पोखरत राहतो.

28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी मोफत, औषधही मोफत. सोफोसबुविरची एक गोळी 2013 साली अमेरिकेत 1000 डॉलरला होती; आता सरकारी उपचार केंद्रात ती डॅक्लाटासविरसोबत, बहुतेकांना 12 आठवडे, फुकट मिळते.

पण केंद्र चांगले, हे कशावरून ठरवायचे? पंखे, बाकडी आम्ही नंतर पाहू. पहिल्या तपासणीत अँटिबॉडी दिसली म्हणजे आजार आहेच असे नाही. विषाणू अजून अंगात आहे का, हे आरएनए तपासणी सांगते. आमच्या एका विद्यार्थ्याची अम्मी पहिला रिपोर्ट पाहून घाबरून घरीच बसली. दुसऱ्या तपासणीला या, असा फोन कुणी केला नाही. चार महिने गेले. कपाट औषधांनी भरलेले असले तरी इथे आम्ही शून्य गुण देऊ. (मास्तरकीची सवय!)

गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासतात. विषाणू सापडला नाही, तरच रोगी बरा. म्हणून औषध किती जणांना दिले यापेक्षा या तपासणीला किती जण परत आले, ते केंद्रात विचारावे.

त्या अम्मीचा गोळ्यांचा दहावा आठवडा चालू आहे. शेवटच्या तपासणीची तारीख आम्ही मुलाच्या वहीत लिहून दिली आहे.