अंग बाहेर येते? पिशवी काढण्याआधी हे वाचा

आमच्याकडे तपासणीला आलेली बाई आधी कंबरदुखी सांगते. मग अंगावरून पांढरे जाते म्हणते. सोबतची सासू किंवा नवरा खोलीबाहेर गेला, की आवाज खाली आणून खरे दुखणे सांगते, "डॉक्टर, अंग बाहेर येतं." बाई धडगाव-मोलगीच्या डोंगरातली असो की नंदुरबार शहरातली, हा क्रम सहसा चुकत नाही. तोवर तिने चार-पाच वर्षे तशीच काढलेली असतात.

ओटीपोटात मध्ये गर्भाशय, पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय असतो. खालून स्नायूंची झोळी व बाजूंनी बंध त्यांना सावरून धरतात. पाठोपाठची बाळंतपणे, अडलेली प्रसूती, ओल्या अंगाने उचललेला हंडा किंवा उसाची मोळी, जुना खोकला, बद्धकोष्ठ यांनी हे बंध सैल पडतात. मग गर्भाशय खाली सरकते, खोकताना लघवी सुटते किंवा साफ होत नाही.

अशा वेळी "पिशवी काढून टाका" हा सल्ला फार लवकर दिला जातो. वयस्क बाईला तो योग्य ठरूही शकतो. पण पंचविशीतल्या, अजून मूल हवे असलेल्या बाईला तो ऐकूनच धडकी भरते आणि ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. तिच्यासाठीच एका सर्जनने वेगळा विचार केला.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९, गोव्यातील शिरोड्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९३१ साली इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. झाले आणि परतून त्याच कॉलेजात प्राध्यापक झाले. वारंवार होणाऱ्या गर्भपातावरचा त्यांचा टाका १९५५ साली प्रसिद्ध झाला. जगभरचे डॉक्टर तो त्यांच्याच नावाने ओळखतात. मला मात्र त्यांचे दुसरे काम तितकेच मोठे वाटते. खाली आलेले गर्भाशय न काढता त्यांनी ते वर बांधून ठेवले. त्यासाठी मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी, पुढे कृत्रिम फीत वापरली. तिचे एक टोक गर्भाशयाच्या मानेला मागून, दुसरे कमरेखालच्या हाडाला. मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या आवरणाच्या पट्ट्यांनी गर्भाशय पुढून टांगण्याची पद्धत दिली. आतडे आणि मूत्रनलिका सांभाळत करायचे हे काम आहे, त्याला सरावाचा हात लागतो. तेव्हा मूल हवे असेल तर "पिशवी ठेवून शस्त्रक्रिया होईल का?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. विचारण्यात कसला आला संकोच!

त्रास थोडा असेल तर शस्त्रक्रियेची घाई नको. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू पाच आकडे मोजेपर्यंत आवळून धरावे, मग सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. काहींना आत बसवायची कडी पुरते. चिंध्यांचे बोळे किंवा झाडपाला आत ठेवू नये, त्याने जखमा होतात. पाळी बंद झाल्यावर रक्त दिसले तर मात्र थांबू नका.

आणि अडलेल्या बाळंतपणानंतर लघवी सारखी ठिबकत असेल, तर तो अशक्तपणा नव्हे, मूत्राशयाला पडलेले छिद्र असू शकते. लगेच नळी घातली तर लहान छिद्र कधी कधी आपोआप भरून येते. मोठे असेल तर शस्त्रक्रियेने बुजवता येते, बाईला घराच्या कोपऱ्यात बसवून नव्हे.