डोळ्यांत पाणी, तरी डोळे कोरडे!

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे साताऱ्याला आईला फोन लावला. व्हिडिओवर माझा चेहरा दिसताच ती म्हणाली, "अरे, रडतोयस का? काही झालंय का तिकडे?" आतून आमची ही ओरडली, "आई, तो नाही रडत, त्याचा प्रोग्रॅम त्याला रडवतोय!"

थट्टा सोडा, पण डोळे खरोखरच सारखे वाहत होते. वाळूचा कण गेल्यासारखं खुपायचं आणि संध्याकाळपर्यंत अक्षरं धूसर व्हायची. शेवटी इथल्या ऑप्टिशियनकडे गेलो. तिनं तपासलं आणि म्हणाली, "तुमचे डोळे कोरडे आहेत." मी गालावरचं पाणी पुसत ते ऐकून घेतलं.

माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं ते इंजिनिअरिंगमुळे, तेव्हा हा लेख म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. पण पाणी वाहतंय आणि तरी डोळा कोरडा, हे कोडं सोडवल्याशिवाय मला चैन पडेना.

आपण लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर ठेवतो ना? डोळ्यातही तशीच व्यवस्था आहे. बुबुळाला चिकटून श्लेष्माचा पातळ थर, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय सूक्ष्म पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येतं. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्यानं 1666 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत त्या साधारण 25 ते 40 असतात, खालच्या पापणीत 20 ते 30. त्यांची तोंडं बुजली की तेल कमी पडतं आणि खालचं पाणी भराभर उडून जातं. डोळा चुरचुरतो, मेंदूला निरोप जातो आणि अश्रुग्रंथी घाईघाईनं पाण्याचा लोट सोडतात. पण वर तेल नसल्यामुळे ते पाणी टिकत नाही, गालावरून वाहून जातं. कोडं सुटलं!

यात आपली भर दोन प्रकारची. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो. संगणकासमोर हे प्रमाण निम्म्याहून खाली येतं आणि पापणी पुरती मिटतही नाही. ती पुरती मिटली तरच ग्रंथींतलं तेल नीट बाहेर येऊन पसरतं. दुसरी भर इथल्या हिवाळ्याची. खिडक्या बंद, सेंट्रल हीटिंग चालू, म्हणजे घरातली हवा पापडासारखी कोरडी.

ऑप्टिशियननं मला एक फवारा सुचवला. मला वाटलं, तो डोळा उघडा ठेवून आत मारायचा! तसं नाही. डोळे मिटायचे, साधारण 10 सेंटिमीटरवरून पापण्यांवर एक-दोनदा फवारायचं आणि मग काही वेळ पापण्यांची उघडझाप करायची. या फवाऱ्यात बहुधा सोयाबीनच्या लेसिथिनपासून काढलेले स्निग्ध पदार्थ असतात, लायपोसोम नावाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात. उघडझापीबरोबर ते पापणीच्या कडेवरून अश्रूंच्या थरात उतरतात आणि तेलाच्या पापुद्र्याला आधार देतात.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ज्यांच्या डोळ्यांत मुळात पाणीच कमी तयार होतं, त्यांना नुसता फवारा पुरत नाही, थेंब लागतात. या फवाऱ्यांवरचे अभ्यासही बरेचसे छोटे आणि थोड्या मुदतीचे आहेत, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. दुसरी, सगळे फवारे एक नव्हेत. हायपोक्लोरस आम्लाचा फवारा पापण्या स्वच्छ करण्यासाठी असतो. न्यू जर्सीहून मेहुण्यांनी फोनवर सांगितला तो तर नाकात मारायचा. त्याला अमेरिकेत ऑक्टोबर 2021 मध्ये मान्यता मिळाली, तो चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि त्याचं काम शरीराचे स्वतःचे अश्रू वाढवण्याचं. तिसरी, सोयाची अॅलर्जी असेल तर खोक्यावरची यादी वाचा आणि बाटली उघडल्याची तारीख लिहून ठेवा.

फवाऱ्याच्या जोडीला फुकटचे उपायही हवेत. रोज पाच-दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर सोसवेल इतक्या कोमट फडक्याचा शेक घ्यावा, त्यानं घट्ट झालेलं तेल सैल होतं. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे पाहावं. डोळा दुखू लागला, उजेड सोसेना किंवा दृष्टी अचानक अधू झाली, तर मात्र फवारे मारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडं पडत असेल तर जीपीला जरूर सांगा. त्यामागे शोग्रेनचा विकार असू शकतो.

ऑक्टोबरात आई आमच्याकडे आली. तिलाही हाच त्रास, साताऱ्याच्या डॉक्टरांनी थेंब दिलेले. "घालतेस ना?" मी विचारलं. "सोडले रे," ती म्हणाली. "हात थरथरतो, थेंब उशीवरच पडतो. तुझे बाबा होते तोवर ते घालायचे." बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वर्षभर दर रविवारी मी तिच्याशी बोलत होतो, आणि माझ्या डोळ्यांची चौकशी तीच करत होती.

तिलाही इथे तपासून घेतलं. थेंबांच्या जोडीला फवारा चालेल असं कळलं. रात्रीचे थेंब आता मी घालतो. दिवसा मात्र ती खिडकीशी बसते, देवापुढे मिटावेत तसे डोळे मिटते आणि स्वतःच फवारा मारते. परवा म्हणाली, "हे बरं आहे, कुणाला हाक मारावी लागत नाही."

तेव्हा मंडळी, या रविवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीबरोबर एवढंही विचारा, की थेंब कोण घालतं?