कुलुपांतील माया

मुलांस कोंडून ठेवणें हें द्वेषाचेंच काम असावें, अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे हें ‘सीब’, म्हणजे सफरचंद, या इराणी बोलपटानें आम्हांस पटविलें. समीरा मखमलबाफ या युवतीची ही पहिलीच कृति. १९९८ सालीं कान येथील चित्रपट-महोत्सवांत ती दाखविली गेली, तेव्हां दिग्दर्शिकेचें वय अवघें १८ वर्षांचें होतें. लेखन व संकलन मात्र तिचे वडील, प्रसिद्ध दिग्दर्शक मोहसीन मखमलबाफ, यांचें.

कथा कल्पित नव्हे. तेहरानच्या एका गरीब वस्तींत एका वृद्ध पित्यानें आपल्या जुळ्या मुली जन्मापासून सुमारें ११ वर्षें घरांत कोंडून ठेवल्या होत्या. शेजाऱ्यांनीं अर्ज केल्यावर सरकारी कल्याण-खात्यानें त्यांस बाहेर काढलें, तेव्हां त्यांना धड बोलतां-चालतां येत नव्हतें. विशेष हें कीं, बातमी ताजी असतांनाच चित्रण झालें, आणि पिता, अंध माता व मुली यांनीं स्वतःच्याच भूमिका केल्या.

दुसरा एखादा दिग्दर्शक या पित्यास राक्षस करून सोडता. येथें तसें नाहीं. पत्नी आंधळी; आपण बाहेर गेलों तर मुलींवर लक्ष कोणीं ठेवावें? शेजारचीं मुलें चेंडू घेण्यास भिंतीवरून आंत उतरतात, मग अब्रूचें काय? म्हातारा हें कळवळून सांगतो, आणि त्याच्या मायेविषयीं शंका घेववत नाहीं. म्हणूनच मुली घरीं परत येतांच तो पुन्हां कुलूप घालतो. समाजसेविका मग त्यालाच आंत कोंडते आणि गज कापावयास करवत देते. इकडे मुली गल्लींत येतात, आणि खिडकींतून दोरीनें सोडलेल्या सफरचंदासाठीं उड्या मारतात.

संस्कृतांत ‘स्नेह’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: प्रेम आणि तेल. तेलावांचून दिवा जळत नाहीं; पण तेंच पणतींत अति झालें कीं वात बुडते. अशीं बुडालेलीं मुलें आम्हीं शाळेंत पुष्कळ पाहिलीं. प्रश्न मुलास विचारावा आणि उत्तर आईनें द्यावें! आपल्या मोठ्या घरांतून गज नसतात. ‘तुला जमायचें नाहीं’ आणि ‘लोक काय म्हणतील’ हीं दोन वाक्यें पुरतात.

अखेरीस ती अंध माता एकटीच चांचपडत गल्लींत येते, आणि लोंबतें सफरचंद तिच्या हातीं लागतें. मुलींवर घातलेल्या कुलुपाआड तीही होती, हें तोंवर आमच्या ध्यानांतच आलें नव्हतें. वाचकांनीं हा बोलपट सहकुटुंब पाहावा, आणि आपल्या घरीं कोण कोण आंत राहिलें आहे तें एकदां मोजून पाहावें.