पाण्यातील आगंतुकांना वेळीच आवर

उन्हाळ्याच्या तोंडावर पवना, इंद्रायणी किंवा पंचगंगेच्या काठी उभे राहिले असता नदीवर जणू कुरण पसरल्याचा भास होतो. हे कुरण म्हणजे जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती जांभळट फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. तिच्या निर्मूलनासाठी तेथे १९३६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही ती हटली नाही. उलट देशभर पसरली.

याचे कारण तिच्या वाढीत आहे. अनुकूल परिस्थितीत सुमारे दोन आठवड्यांत तिची संख्या दुप्पट होते. या हिशेबाने एका रोपाची चार महिन्यांत अडीचशेहून अधिक रोपे होतात. बिया तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे तग धरतात. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तिचे खाद्य. तिच्या दाट थराखाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि डासांची पैदास वाढते.

माशांबाबतही हाच अनुभव आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, म्हणजेच उजनीच्या परिसरातील ‘चिलापी’, झपाट्याने वाढून स्थानिक माशांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होतो. आफ्रिकी मांगूर तर मांसाहारी व अत्यंत चिवट. त्याच्या संवर्धनावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली. समुद्रात परके जीव जहाजांच्या तळाला चिकटून किंवा तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून येतात. या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये संमत झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अंमलात आला.

एकदा रुजलेला आगंतुक समूळ काढणे जवळजवळ अशक्य असते. त्यास येऊ न देणे मात्र शक्य आणि स्वस्त असते. म्हणून गावतळ्यात जलपर्णीचे पहिले रोप दिसताच, फुलावर येण्यापूर्वी, ते उपटावे. काढलेला ढीग काठावर ठेवू नये. पहिल्या पुरात तो पुढच्या गावी पोहोचतो. सांडपाणी प्रक्रियेविना नदीत सोडू नये, अन्यथा काढणीचा खर्च दरवर्षी पाण्यात जातो. तलावाचा ठेका देताना मत्स्यबीज कोणत्या जातीचे आहे, याची ग्रामपंचायतीने मत्स्यव्यवसाय विभागाकडून खात्री करून घ्यावी. काचपेटीतील शोभेचे मासे ओढ्यात सोडू नयेत, एवढे शिक्षकांनी मुलांच्या मनावर बिंबवले, तरी मोठे काम होईल.