घरांतील इंटरनेटची तार

हल्लीं शहरांतील पुष्कळ घरांत इंटरनेट काचतंतूच्या केबलमधून येतें. राउटर भिंतीवर बसला म्हणजे काम झालें असें आपण समजतों. परंतु जाड भिंतीपलीकडील खोलींत वाय-फाय क्षीण होतें, आणि मुलाची परीक्षा किंवा परगांवच्या डॉक्टरांशीं चाललेलें बोलणें ऐन वेळीं तुटतें. अशा घरांत राउटरपासून त्या खोलीपर्यंत तार ओढणें हाच खात्रीचा उपाय होय. ही तार एकदां भिंतींत गेली कीं वर्षानुवर्षें डोळ्यांआड राहते; म्हणून ती आधींच पारखून घ्यावी, असें आमचें वाचकांस सांगणें आहे.

तारेवर 'कॅट' असें छापलेलें असतें. त्याचा मार्जाराशीं कांहीं संबंध नाहीं; 'कॅटेगरी' म्हणजे श्रेणी, ह्या शब्दाचें तें लघुरूप होय. आंत आठ तारा असून त्यांच्या चार जोड्यांस पीळ दिलेला असतो. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरील विजेचा उपद्रव त्यामुळें जोडींतील दोन्ही तारांस सारखाच होतो, आणि पलीकडे दोहोंतील फरकच वाचला जात असल्यानें तो वजा होऊन जातो. अशा पिळाच्या तारेचें पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं १८८१ सालीं टेलिफोनकरितां घेतलें होतें.

आतां श्रेणी कोणती घ्यावी? कॅट ५-ई ही १०० मीटरपर्यंत सेकंदास १ गिगाबिट इतका वेग देते. कॅट ६ तेवढें काम करून शिवाय सुमारें ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट नेऊं शकते. कॅट ६-ए हाच वेग १०० मीटरपर्यंत नेते, पण ती जाड व ताठर असते. सामान्य गृहस्थाचें घर ५५ मीटर लांब नसतें; तेव्हां नव्या कामास कॅट ६ पुरेशी आहे, असें आमचें मत आहे. कॅट ८ ही मोठ्या संगणककेंद्रांकरितां आहे. केवळ अंक मोठा म्हणून तिच्या मोहांत पडूं नये.

खरी फसगत अंकांत नसून धातूंत असते. स्वस्त तारांत कित्येकदां अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तिला 'सीसीए' म्हणतात. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारें तीन-पंचमांश. शिवाय ती तार वांकवितां वांकवितां तुटते, आणि केबलमधूनच कॅमेऱ्यास वीज पुरवावयाची असल्यास अधिक तापते. येथें स्थालीपुलाकन्याय कामीं येतो. शिजलें कीं नाहीं हें जसें एका शितावरून कळतें, तसें एक टोक चाकूनें खरवडावें. आंत पांढरें दिसलें तर ती तार घेऊं नये.

भिंतींतील तार अखंड एकेरी गाभ्याची असावी; टेबलावरील लहान जोडतार मात्र बारीक तंतूंची, लवचिक चालेल. विजेच्या तारेबरोबर एकाच नळींत ती घालूं नये, काटकोनांत मुडपूं नये, व टोकाशीं पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडूं नये. नळींत एक रिकामी दोरी ओढून ठेवावी, म्हणजे पुढें तार बदलतांना भिंत फोडावी लागणार नाहीं.

माठ घेतांना आपण तो वाजवून घेतों. मग भिंतींत गाडावयाची तार खरवडून पाहण्यांत संकोच कसला?