परतीची वाट आधी

आम्हा वर्धेकरांना डोंगर म्हणजे बोरधरणाच्या टेकड्या. सह्याद्रीचा कडा पाहायचा तर आगगाडीने इगतपुरी गाठावी लागते. साठी उलटलेल्या आम्हा चौघा मित्रांना यंदा डिसेंबरात रतनगडाहून हरिश्चंद्रगडाला पायी जायचे आहे. वाटा दोन. एक कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई अशी घाटमाथ्याने जाणारी. दुसरी कोकणात उतरून बेलपाड्याहून नळीच्या वाटेने कोकणकड्यावर चढणारी. एका मित्राचा हट्ट दुसरीचा. ‘‘पुन्हा कधी जाणार रे?’’ म्हणतो.

बँकेत कर्ज मंजूर करताना मी आधी विचारी, परतफेड कशी होणार? वाटेलाही हाच प्रश्न विचारावा. नळीत धोंड्यांवरून चढताना गुडघा बोलू लागला, तर त्याच धोंड्यांवरून उतरणे आले. घाटमाथ्यावर मात्र कुमशेतला, पाचनईला गाडीरस्ता आहे. थकलेला माणूस तिथून सुखरूप परतू शकतो. गडाची उंची १४२४ मीटर. कुठूनही चढा, ती तेवढीच!

मी घाटमाथा निवडला. मित्र रुसला आहे. रुसू दे बापडा. कोकणकड्यावरून मावळता सूर्य पाहताना आम्ही चौघेही तिथे असलो, म्हणजे झाले.