गंधाने फसलेले पंचेंद्रिय जीव

आपल्या शास्त्रांत मुंगीला त्रींद्रिय आणि पक्ष्याला पंचेंद्रिय जीव म्हटले आहे. पक्ष्याला घ्राणेंद्रिय आहे, हे आपण पाठशाळेतच शिकलो. पाश्चात्त्य पक्षितज्ज्ञ मात्र दीर्घकाळ, बहुतेक पक्ष्यांना वास जवळजवळ कळत नाही, असेच मानीत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधिका गॅब्रिएल नेव्हिट यांनी अंटार्क्टिक सागरावर हा समज तपासला. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती क्रिल खाऊ लागले की डायमिथिल सल्फाइड हा वायू सुटतो. (फार शिजलेल्या कोबीचा वास आठवावा.) हा गंध पाण्यावर सोडताच पेट्रेल पक्षी ओढले जातात, हे त्यांनी १९९५ मध्ये दाखविले. अथांग सागरात जेथे हा वास, तेथे अन्न.

हाच वास आता घात करतो आहे. मॅथ्यू सावोका, नेव्हिट व सहकाऱ्यांनी प्लास्टिकचे मणी सुमारे ३ आठवडे समुद्रात ठेवले. त्यांना तोच गंध येऊ लागला. २०१६ च्या त्यांच्या निबंधानुसार, या गंधामागे जाणाऱ्या जाती इतरांहून जवळपास ६ पट अधिक वेळा प्लास्टिक गिळतात. खोटी नोट खऱ्यासारखी दिसते, म्हणूनच गल्ल्यात शिरते; तसेच हे.

मंगळवेढ्यात हे दूरचे वाटेल. परंतु त्याच गंधाकडे वळणारा विल्सन पेट्रेल अंटार्क्टिकात पिले वाढवून उत्तरेकडे हिंदी महासागरात, भारताच्या किनाऱ्यापर्यंत येतो. आणि आपल्या ओढ्यांचे पाणी माण, भीमा, कृष्णा या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाते. पहिल्या मोठ्या पावसात पेठेतल्या पातळ पिशव्याही त्याच वाटेला लागतात.